धुतलेली भाजी तरी कचकचते, सडते, अळी निघते: चुकतंय कुठं?

आमच्या घरी रविवारी मंडईत जायचं काम माझ्याकडे आहे. आणलेली भाजी निवडायची आणि धुवायची तीही मीच. त्यामुळे पालकात कचकच लागली की सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळतात. बाबा बोलत काहीच नाहीत. चावायचे थांबतात, जिभेनं दाताशी काहीतरी चाचपतात आणि पुढचा घास पालक सोडून वरणभाताचा घेतात. गेल्या पावसाळ्यात हे चार वेळा झालं. चारही वेळा मी पालक तीन पाण्यांनी धुतला होता.

त्याच दिवसांत रविवारी धुऊन ठेवलेली कोथिंबीर बुधवारपर्यंत डब्यात काळी, बुळबुळीत होत होती. आणि एकदा पाहुण्यांच्या वाटीत, फ्लॉवरच्या रश्श्यात, अळी निघाली. शिजून पांढुरकी झालेली, तुऱ्याच्या रंगात मिसळून गेलेली. पाहुणे भले होते, वाटी हळूच बाजूला सरकवली.

या तिन्ही तक्रारींवर माझं औषध एकच होतं. मोठ्या पातेल्यात पाणी घ्यायचं, मूठभर मीठ टाकायचं, भाजी बुडवायची आणि वीस मिनिटं विसरून जायचं. घोडं इथंच पेंड खात होतं. भाजीवर चार निरनिराळ्या गोष्टी असतात: माती, किडे, जंतू आणि फवारणीचं औषध. चौघांची चिकटण्याची तऱ्हा वेगळी, तसा निघण्याचा उपायही वेगळा. मीठ-पाणी धड चालतं ते त्यातल्या एकावरच.

कचकच का राहते

हे कोडं सासवडच्या आत्यानं सोडवलं, तेही दारात उभ्या उभ्या. मी पालकाचं पातेलं उचलून सिंकमधल्या चाळणीत उपडं करत होतो. ती म्हणाली, "अरे, काढलेली माती परत भाजीवरच ओततोस की!"

आणि खरंच. वाळू जड असते. पानं पाण्यात हलवली की ती सुटून तळाशी बसते. पातेलं चाळणीत ओतलं की आधी वरची पानं चाळणीत पडतात आणि मागून तळाचं गढूळ पाणी त्यांच्यावरून जातं. पाणी गाळलं जातं, वाळू पानांत अडकते. असं तीन पाण्यांनी करा नाहीतर तेरा पाण्यांनी, तीच वाळू फिरून फिरून पानावर येणार. भाजी पाण्यातून वर उचलायची असते, पाणी भाजीवरून ओतायचं नसतं. इतकंच होतं.

आता मी असं करतो. रुंद तोंडाचं पातेलं घेतो, परात नाही, कारण पाण्याला खोली हवी. भाजी थोडी थोडी घेतो, जुडी एकदम कोंबली तर मधल्या पानांना पाणी लागतच नाही. देठाकडून धरून चार-पाच वेळा खालीवर करायची, मग सोडून द्यायची आणि मिनिटभर हात लावायचा नाही. माती खाली बसली की दोन्ही हातांच्या ओंजळीनं पानं वरच्या वर उचलून चाळणीत ठेवायची. मग पाणी फेकून पातेल्याच्या तळावर बोट फिरवायचं. बोटाला खर लागली तर अजून एक पाणी. किती पाण्यांनी धुवायचं हे आकड्यावर ठरत नाही, या बोटावर ठरतं. उन्हाळ्यात दोन पाण्यांत काम होतं. आषाढ-श्रावणात पावसाच्या थेंबांनी वाफ्यातला चिखल पानांच्या पाठीवर उडालेला असतो, तेव्हा चार पाणी सहज लागतात.

त्याआधी निवडणं आलं. पालकाची माती पानावर कमी आणि देठ जिथं एकत्र येतात त्या खोबणीत जास्त असते. तो बुडखा कापून देठ सुटे केल्याशिवाय धुण्याला अर्थ नाही. मेथीची मुळं आधीच खुडायची. शेपूचं पान बारीक, म्हणून तिथं घाई चालत नाही. आणि चिरायचं ते सगळ्यात शेवटी. आमच्या शेजारी भाजी चिरून मग धुतात. धुतल्यावर पाणी हिरवं होतं ते पाहून त्यांना भाजी स्वच्छ झाल्याचं समाधान मिळतं. पण तो रंग कापलेल्या पानातून निघालेल्या रसाचा असतो. त्याच्याबरोबर पाण्यात विरघळणारं क जीवनसत्त्व आणि फोलेटही मोरीत जातं, आणि वरची घाण कापलेल्या कडांना लागते ती वेगळीच.

भेंडीची गोष्ट आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे: धुऊन, फडक्यानं कोरडी पुसून, मगच चिरायची, नाहीतर तार सुटते.

कोथिंबीर बुधवारीच का सडते

याचं उत्तर मला आवडलं नव्हतं, कारण चूक माझ्या टापटिपीची निघाली. रविवारी सगळं धुऊन डबे भरून ठेवायची मला हौस. पण पानांवर पाण्याची बारीक फिल्म राहिली आणि झाकण घट्ट लावलं, की मऊ कूज करणाऱ्या जिवाणूंना हवं ते सगळं मिळतं. फ्रिजमध्ये त्यांचा वेग मंदावतो, थांबत नाही. त्यातून एखादी काडी आधीच चेपलेली असली की तिथून सुरुवात होते आणि तिचा चिकट रस शेजारच्या काड्यांना लागतो. एक काडी अख्खा डबा नासवते.

त्यातही मंडईतली जुडी मुळातच ओली असते. ती तजेलदार दिसावी म्हणून तिच्यावर दर तासाला पाणी मारलेलं असतं. मी एकदा भाजीवाल्या मावशींना म्हटलं, "जरा कोरडी द्या ना." त्या हसून म्हणाल्या, "दादा, कोरडी झाली तर तुम्हीच म्हणाल सुकलीय." बरोबर आहे त्यांचं.

तेव्हा कोथिंबीर आणली की दोरा लगेच सोडायचा. दोऱ्याखालचा भागच सगळ्यात आधी कुजतो. पिवळी, काळी, चेपलेली पानं काढून टाकायची, बाकीची जुन्या सुती ओढणीवर पंख्याखाली तासभर पसरायची. न धुताच. हाताला ओल लागेनाशी झाली की कोरड्या सुती फडक्यात सैल गुंडाळून डब्यात ठेवायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फडकं दमट लागतं, तेव्हा ते बदलायचं. लागेल तेवढी काढायची आणि तेवढीच धुवायची. अशी आमच्याकडे आठ-दहा दिवस टिकते.

नोकरीच्या घाईत रोज धुणं जमत नाही हे मान्य. मग धुऊनच ठेवायची असेल तर वाळवणं टाळता येत नाही. धुतलेली भाजी उशीच्या स्वच्छ अभ्र्यात भरायची, तोंड मुठीत पक्कं धरायचं आणि गॅलरीत उभं राहून गोफण फिरवल्यासारखी वीस-पंचवीस वेळा फिरवायची. पाणी अभ्र्याबाहेर उडतं. पहिल्यांदा मी हे केलं तेव्हा खालच्या मजल्यावरच्या काकूंचे वाळत घातलेले पापड भिजले, तेवढं बघून करा.

एक सवय मात्र आम्ही मोडली, वर्तमानपत्रात गुंडाळायची. कागद ओल शोषतो हे खरं, पण ओल्या कागदाची शाई पानांना लागते. अन्न वर्तमानपत्रात बांधू नका असं एफएसएसएआयनं, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं, २०१६ मध्येच बजावलं आहे, कारण छपाईच्या शाईतली रसायनं अन्नात उतरतात. जुनं धोतर फाडलं की दहा फडकी होतात.

फ्लॉवरची अळी, कोबीची भीती

मीठ-पाण्याचं खरं घर इथं आहे. माझी चूक एवढीच होती की मी फ्लॉवरचा गड्डा अख्खा बुडवत होतो. तुरे इतके घट्ट असतात की पाणी आतवर पोचतच नाही. आधी लहान तुरे तोडायचे, एका लिटर कोमट पाण्याला पोह्यांचे दोन सपाट चमचे मीठ घालायचं, तुरे खाली आणि देठ वर असे बुडवायचे आणि वरून ताटली ठेवायची म्हणजे तरंगणार नाहीत. पंधरा मिनिटांत अळ्या पकड सोडतात, काही तळाला जातात, काही वर येतात. इथंही तुरे उचलून घ्यायचे, ओतायचे नाहीत. नंतर नळाखाली धरायचे, नाहीतर भाजी खारट होते आणि दोष मिठाच्या अंदाजावर येतो.

मावा हे निराळं प्रकरण. कोबीच्या पानांत, चवळीच्या शेंगांवर ते बारीक ठिपके बसतात. कोबीवरच्या माव्याच्या अंगावर तर मेणकट भुकटी असते, तिच्यावरून पाणी ओघळून जातं. मिठात तासभर ठेवलं तरी तो तिथंच. त्याला धारेखाली बोटानं चोळूनच काढावं लागतं, आणि फार असेल तर ते पान टाकून द्यावं. वांग्यातल्या अळीवर धुण्याचा उपायच नाही, ती आत असते. वांगं घेतानाच बारीक भोक आणि भोकाशी भुसा दिसतो का ते बघायचं.

कोबीतली अळी पोटातून मेंदूत जाते, ही भीती घराघरात आहे. आमच्या आईनं याच कारणासाठी दोन वर्षं कोबी आणू दिला नाही. त्या भीतीत थोडं खरं आहे, पण आरोपी चुकीचा पकडलाय. कोबीवर दिसणारी हिरवी अळी ही पतंगाची अळी. ती पोटात गेली तर किळस येईल, मेंदूत काही जाणार नाही. मेंदूपर्यंत पोचतात त्या फीतकृमीच्या (टेपवर्मच्या) अंड्यांतून निघणाऱ्या अळ्या. पोटात फीतकृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून ही अंडी पाण्यात, मातीत आणि मग पानांवर येतात. एक अंडं मिलिमीटरच्या तीन-चार शतांश भागाएवढं. डोळ्यांना दिसायचं नाव नाही. म्हणजे ज्या कोबीत अळी दिसली नाही तो सुरक्षित आणि ज्यात दिसली तो घातक, हा हिशेबच चुकीचा. मीठ-पाण्यानं किंवा व्हिनेगरनं ही अंडी मरतील यावर भरवसा ठेवू नये. नीट शिजवल्यावर मरतात. म्हणून शिजवलेल्या कोबीला घाबरायचं कारण नाही. कच्च्या कोशिंबिरीसाठी मात्र वरची दोन-तीन पानं टाकायची आणि आतलं एकेक पान सुटं करून वाहत्या पाण्यात चोळायचं. गड्डा चिरून चाळणीत धुणं म्हणजे नुसतं समाधान.

पाणीच वाईट असेल तर

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएस (गियाँ-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण अचानक वाढले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि संशय पाण्यावर गेला. आमच्याकडे तेव्हा प्यायचं पाणी उकळायला सुरुवात झाली. पण काकडी, टोमॅटो, कोथिंबीर? ती टाकीच्या पाण्यात धुऊन तशीच ताटात. पाणी उकळून प्यायचं आणि न उकळलेलं पाणी कोथिंबिरीच्या पानांवरून खायचं, असं आठवडाभर चाललं, मग बायकोच्या लक्षात आलं.

तेव्हापासून नियम साधा आहे. शिजणार ते नळाच्या पाण्यात. कच्चं खाणार ते आधी नळाखाली चोळून, आणि शेवटी एकदा प्यायच्या पाण्यानं धुऊन. त्याला लिटरभर पाणी पुरतं, फार लागत नाही. टँकरचं पाणी येतं त्या दिवसांत तर हे टाळूच नये. मुळा, गाजर शेतावरून धुऊन येतात आणि लखलखीत दिसतात, पण ते कुठल्या पाण्यात धुतले हे आपल्याला ठाऊक नसतं. ते स्वच्छ समजून कोशिंबिरीत किसू नका.

क्लोरीनबद्दल बरेच जण विचारतात. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, एफएसएसएआयनं फळं-भाज्या प्यायच्या पाण्यानं धुवा, किंवा लिटरला ५० मिलिग्रॅम इतकं सौम्य क्लोरीन असलेल्या कोमट पाण्यात बुडवून काढा आणि पुन्हा प्यायच्या पाण्यानं धुवा, असं सांगितलं होतं. त्याच पत्रकात साबण, जंतुनाशकं वापरू नका असंही होतं. गावाकडे पावसाळ्यात मेडिक्लोर घरोघर असतं. पाण्यासाठीचं औषध बाटलीवर लिहिल्या प्रमाणातच घ्यायचं. फरशी किंवा कपड्यांसाठीचं ब्लीच मात्र भाजीला नाही, त्यात वास आणि इतर काय काय असतं. क्लोरीन आणि व्हिनेगर तर एकत्र कधीच करू नका. त्यातून विषारी वायू सुटतो. "दोन्ही टाकले म्हणजे डबल काम" हे वाक्य मी आमच्याच सोसायटीत ऐकलं आहे.

भांड्याच्या साबणाचंही तेच. ताट गुळगुळीत असतं, त्याचा साबण निघतो. पानाची, फळाची साल सच्छिद्र असते, साबण आत मुरतो आणि नंतर पोटात.

सिंकला बूच लावून त्यात भाजी भिजवायची पद्धतही सोडा. सकाळी त्याच सिंकमध्ये दुधाचं पातेलं आणि चिकनचं भांडं होतं.

एक बारकावा टोमॅटोचा. उन्हातून आणलेला गरम टोमॅटो बर्फासारख्या थंड पाण्यात टाकला की त्याच्या आतली हवा आकसते आणि देठाच्या खळगीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं, त्यातल्या जंतूंसकट. म्हणून टोमॅटो, काकडी आणल्यावर सावलीत निवू द्यायची आणि साध्या पाण्यात धुवायची. कलिंगड, खरबूज कापण्याआधी साल हातानं घासून धुवायची, नाहीतर सुरी सालीवरचं सगळं गरापर्यंत पोचवते. हे सांगूनही लोक धुवत नाहीत, म्हणतात साल कुठं खायचीय.

फवारणीचं काय

इथं बाजारात सगळ्यात जास्त थापा आहेत. भाजी धुण्याची सुगंधी द्रावणं, बुडबुडे काढणारी यंत्रं, आणि समाजमाध्यमांवर "बघा, पाण्यावर औषधाचा तवंग आला" असले व्हिडिओ. तो तवंग औषधाचाच असेल असं नाही, फळाच्या सालीवरच्या मेणाचाही असू शकतो.

फवारणीची औषधं ढोबळमानानं दोन तऱ्हेची, हे शेतकऱ्याला विचारा, तो लगेच सांगेल. स्पर्शजन्य औषध पानाच्या वर बसतं, आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात जातं. पहिलं धुतल्यानं बरंच निघतं. दुसरं आतच असतं, ते कुठल्याच पाण्यानं निघत नाही. फवारणीनंतर काढणीआधी किती दिवस थांबायचं हे औषधाच्या डब्यावर छापलेलं असतं. ते पाळलं गेलं नसेल तर आपलं पातेलं काय करणार?

जे वर आहे त्याच्यासाठी घासणं महत्त्वाचं. अमेरिकेतल्या कनेक्टिकटच्या कृषी संशोधन केंद्रानं १२ कीटकनाशकांवर करून पाहिलं: नुसत्या नळाच्या धारेखाली धुतल्यानं त्यांतल्या ९ औषधांचं प्रमाण लक्षणीय घटलं, आणि विकतच्या द्रावणांनी त्याहून जास्त काही साधलं नाही. म्हणजे धार आणि बोटं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ मध्ये सफरचंदांवर खायच्या सोड्याचा प्रयोग झाला. लिटरला १० ग्रॅम, म्हणजे चहाचे साधारण दोन चमचे, आणि १२ ते १५ मिनिटं. वरचं औषध बरंच निघालं, पण जे सालीत मुरलं होतं ते राहिलं. मी हा उपाय सफरचंद, पेरू, द्राक्षांना वापरतो. पालेभाजीला नाही, एवढा वेळ पाण्यात ती लिबलिबीत होते. आणि सोडा खायचा, धुण्याचा नाही. आमच्या फडताळात दोन्ही शेजारी आहेत, म्हणून सांगतो.

द्राक्षांवरची पांढरी झाक पाहून पुष्कळ लोक हात आखडतात. मण्यावर सारखी पसरलेली, बोटानं पुसली की जाणारी झाक हे द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं, फळ ताजं असल्याची खूण. ओघळासारखे किंवा ठिपक्यांसारखे डाग असतील तर ते फवारणीचे असू शकतात. दोन्हीही धुवायचेच. घोस कात्रीनं लहान लहान करायचा, म्हणजे मधल्या मण्यांपर्यंत पाणी जातं. मणी देठापासून तोडून भिजवले तर तोंडाच्या भोकातून पाणी शिरतं आणि चव उतरते. स्ट्रॉबेरीचंही तसंच: खायच्या आधीच धुवायची, आणि हिरवी टोपी धुऊन झाल्यावर काढायची.

मोड आलेल्या मुगाला मात्र यातलं काहीच लागू पडत नाही. फडक्यातली ऊब आणि ओल मोडांना जेवढी मानवते तेवढीच जंतूंनाही, आणि ते मोडाच्या आतपर्यंत असतात. वरून कितीही धुवा. उसळ शिजते म्हणून तिचा प्रश्न नाही. घरात गरोदर बाई, तान्हं मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर कोशिंबिरीतले मूगही चांगले वाफवून घ्यावेत. बाबांना वाफवलेले आवडत नाहीत, म्हणतात दाताखाली काही लागत नाही.